शेततळ्यात सासूबाई

माझ्या सासूबाईंना मी एका रविवारी सकाळी, अठरा माणसांच्या देखत, पाण्यात बुडवलं. त्यात गैर काही नाही. ते माझं कामच आहे.

मी बाप्टिस्ट पाळक आहे. आमची मंडळी नाशिकरोडच्या बाजूला आहे. छोटी, पत्र्याच्या छपराखाली भरणारी. काही चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाण्याचे तीन थेंब शिंपडले की बाप्तिस्मा होतो. आमच्यात तेवढ्यावर भागत नाही. माणूस मोठा झाला, त्याला कळायला लागलं, त्यानं आपणहून मागितलं, की त्याला पाण्यात उभं करायचं, पाठीवर आडवं करायचं, पूर्ण बुडवायचं आणि बाहेर काढायचं. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. (माझा घोळ तिथंच झाला, म्हणून आधी सांगून ठेवतो.)

पाळक होण्याआधी मी बावीस वर्षं तोफखान्यात होतो. देवळालीत शिकलो, राजस्थानच्या वाळूपासून लडाखच्या बर्फापर्यंत तोफा ओढल्या आणि नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सैन्यातून मी घरी दोन गोष्टी आणल्या. एक, उजव्या कानाचा बहिरेपणा. दुसरी, कुठल्याही कामाचा आधी कागदावर आराखडा काढायची सवय. माझी बायको सुलभा म्हणते की दोन्हींचा त्रास तिलाच होतो.

सुलभाची आई म्हणजे मार्थाबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकोणऐंशी, उंची पाच फुटांच्या आत आणि आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच राहतात. माझं लग्न झालं तेव्हा मी हवालदार होतो. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी मी अजून हवालदारच आहे. पुढची बढती त्यांनी मंजूर केलेली नाही. (सरकारनं केली होती. पण त्यांच्या मते सरकार घाई करतं.)

त्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, तीन थेंबांचा. त्यामुळे नाताळच्या जेवणाला आमच्या घरी दरवर्षी वाद ठरलेला. मी म्हणायचो, पूर्ण बुडायला हवं. त्या म्हणायच्या, "देव काय पाण्याचं मीटर बघून माणसं घेतो का, हवालदार?" मग सुलभा म्हणायची, "केक खा," आणि वाद पुढच्या नाताळपर्यंत तहकूब व्हायचा.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी त्या चहात टोस्ट बुडवता बुडवता म्हणाल्या, "हवालदार, मला बाप्तिस्मा हवाय. बुडवून."

मला वाटलं, उजव्या कानानं दगा दिला. मी डावा कान पुढे केला. "काय बुडवून, आई?"

"मला!"

सुलभाच्या हातातलं उलथनं तव्यावरच राहिलं. मुलगी प्रीती मोबाईलमधून मान वर काढून बघायला लागली. (ही घटना आमच्या घरात बाप्तिस्म्यापेक्षाही दुर्मीळ.) मी विचारलं, "आई, एकदम असं काय झालं?"

"एकदम नाही. एकोणऐंशी वर्षं लागली. तुम्ही तयारीला लागा."

कारण त्यांनी सांगितलं नाही. मीही जास्त विचारलं नाही, कारण मला आनंद झाला होता. अठ्ठावीस वर्षं वाद घालून शेवटी माझं म्हणणं पटलं, असा माझा समज झाला. (तो समज कसा उतरला, ते पुढे येईलच.)

तयारीत पहिली अडचण आली ती व्याकरणाची. बाप्तिस्मा देताना पाळकानं म्हणायचं असतं, 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो.' तुला! सासूबाईंना! मी त्यांच्याशी फोनवर बोलतानासुद्धा उभा राहतो.

आम्ही दिवाणखान्यात सराव केला. सोफा म्हणजे पाणी.

"मी तुम्हाला पित्याच्या..."

"'तुम्हाला' नाहीये त्यात."

"आई, जीभ वळत नाही."

"देवासमोर कोणी मुख्याध्यापिका नसते. म्हणा, तुला."

"मी तु... तु... तुम्हाला..."

"सुलू, तुझ्या नवऱ्याला सर्वनामं कोणी शिकवली होती?"

सात वेळा सराव झाला. सातही वेळा मी 'तु'पर्यंत गेलो आणि तिथून माघार घेतली. सीमेवर इतक्या वेळा माघार घेतली असती तर माझी पेन्शन बंद झाली असती.

दुसरी अडचण पाण्याची. आमच्या चर्चमध्ये व्यासपीठाच्या खाली बाप्तिस्म्याची सिमेंटची टाकी आहे. ती उघडून सकाळी भरली, दुपारी बघतो तर रिकामी. तळाला तडा गेला होता. गवंडी म्हणाला, दुरुस्ती करून सुकायला तीन आठवडे तरी लागतील. मी घरी येऊन तसं सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "तीन आठवड्यांची खात्री मी देत नाही. गेल्या वर्षी माझं हृदय दवाखान्यात दोनदा दांडी मारून आलंय."

मी गोदावरी बघून आलो. मे महिना, पाणी गुडघाभर. गुडघाभर पाण्यात माणूस बुडत नाही, नुसता भिजतो. आणि ज्यांनी आयुष्यभर पोरांचे मार्क अर्ध्या-अर्ध्यानं कापले, त्या अर्धवट बाप्तिस्मा खपवून घेणार नव्हत्या.

तेव्हा धावून आले बाळासाहेब. मखमलाबादच्या पुढे त्यांची फुलशेती आहे. आमच्या चर्चला नाताळची आणि लग्नांची फुलं तेच देतात. माझी अडचण ऐकून ते म्हणाले, "पास्टरसाहेब, एवढंच ना? आपलं शेततळं हाय की! आजीबाईंसाठी कधीबी या."

शेततळं म्हणजे शेतात खणलेला मोठा चौकोनी खड्डा, चारही बाजूंनी उतार, आणि पाणी मुरू नये म्हणून आतून जाड प्लास्टिक अंथरलेलं. शेतकरी त्या प्लास्टिकला 'कागद' म्हणतात. मी आदल्या दिवशी पाहणी करून आलो. पंधरा फूट खोल तळं, पण उन्हाळ्यामुळे पाणी तळाशी, माझ्या कमरेएवढं. बांबू घालून चार ठिकाणी मोजलं. उत्तम! मी आराखडा काढला. त्यात बाण होते, आणि उतरायला-चढायला एक दोर.

बाळासाहेब आराखड्याकडे आदरानं बघत म्हणाले, "साहेब, एक सांगू का? कागद लय गुळगुळीत हाय. खाली जायला काय नाय, बसलं की गेलं. वर यायचंच अवघड. दोर ह्या कडुलिंबाला पक्का बांधा."

मी हसलो. "बाळासाहेब, झाडाला हुकूम देता येत नाही. दोर माणूस धरेल. आम्ही असल्या उतारांवरून तोफा चढवल्यात."

"तोफांना चाकं असत्यात," बाळासाहेब हळूच म्हणाले. पण ते माझ्या उजव्या बाजूला उभे होते.

रविवारी उपासना आटोपून आम्ही तीन गाड्यांतून तिथं पोचलो. बाळासाहेब फुलांची गाडी घेऊन मार्केटला निघतच होते. "तासाभरात येतो, तुम्ही उरका," असं म्हणून गेले. दोर मी वसंतरावांकडे दिला. वसंतराव आमचे डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी. टपाल खात्यातून निवृत्त, अत्यंत विश्वासू. मी त्यांना बजावलं, "काहीही झालं तरी दोर सोडायचा नाही."

"प्राण गेला तरी नाही," वसंतराव म्हणाले आणि दोर मनगटाला एक वेढा देऊन उभे राहिले. (त्यांचा प्राण गेला नाही, हे इथंच सांगतो.)

सासूबाईंनी पांढऱ्या साडीवर बाप्तिस्म्याचा पांढरा झगा घातला होता. त्यांना खाली कसं न्यायचं, याचा माझ्या आराखड्यात स्वतंत्र परिच्छेद होता. त्यांनी तो वाचला नाही. त्या काठावर बसल्या, साडी पायाभोवती घट्ट गुंडाळली, चष्म्याची दोरी तपासली आणि म्हणाल्या, "सोडा." मी एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात त्यांचा दंड धरून उतरत होतो, त्या माझ्या बाजूनं घसरत होत्या. अर्ध्यावर त्यांनी माझा हात झटकला आणि उरलेलं अंतर एकट्याच गेल्या. पाण्यात पोचल्यावर मागे वळून म्हणाल्या, "चला लवकर, हवालदार!" वर प्रीती मोबाईलवर सगळं लाइव्ह दाखवत होती. तिनं टाळ्या वाजवल्या आणि प्रेक्षकांना काही क्षण आभाळ दिसलं.

पाणी माझ्या कमरेला, त्यांच्या छातीला. मी दोर बाजूला सोडला, एक हात त्यांच्या पाठीमागे ठेवला, दुसरा त्यांच्या जोडलेल्या हातांवर. वर मंडळी गाणं म्हणून थांबली.

"मार्थाबाई, मी तु... तु..."

त्यांनी डोळे मिटूनच हुकूम सोडला, "म्हणा!"

"तु... तुम्हा..."

आणि तळाच्या शेवाळावरून माझा पाय सटकला. मी मागे गेलो. पाठीमागे माझा हात असल्यामुळे त्याही आल्या. आम्ही दोघे एकाच वेळी, अगदी शिस्तीत, पाण्याखाली गेलो. नाकातोंडात पाणी गेलं, मी धडपडून उठलो, त्यांनाही उठवलं. दोघेही खोकत होतो.

वर उभ्या असलेल्या मंडळींना यातला तपशील कळायचं कारण नव्हतं. पाळक आणि उमेदवार खाली गेले, वर आले. त्यांच्या दृष्टीनं बाप्तिस्मा झाला! काठावरून एकच गजर उठला, "हालेलुया!"

आता वसंतरावांची एक सवय आहे. 'हालेलुया' म्हणताना ते दोन्ही हात आकाशाकडे नेतात. टपाल खात्यात असल्यापासूनची सवय. मनगटाचा वेढा सुटला, दोर मोकळा झाला, आणि कागदावरून सळसळत, काही घाई नसल्यासारखा खाली आला आणि माझ्या पुढ्यात पाण्यात बुडाला.

मी वर बघितलं. वसंतराव डोळे मिटून अजून स्तुती करत होते.

"वसंतराव! दोर!"

त्यांनी डोळे उघडले. आधी उजवा हात बघितला, मग डावा. मग जे करू नये ते केलं. दोर उचलण्यासाठी वाकले! दोर पंधरा फुटांवर होता, पण भल्या माणसाला वाटलं प्रयत्न करून बघावा. पुढच्या क्षणी ते पांढरा शर्ट, गीतांचं पुस्तक आणि पायांत चपला अशा थाटात बसल्या बसल्या खाली आले आणि आमच्या शेजारी थांबले.

"माफ करा, पास्टरसाहेब," ते म्हणाले. "दोर सुटला."

मी चढायचा प्रयत्न केला. तीन पावलं वर, चार पावलं खाली. पळत जाऊन बघितलं. कमरेएवढ्या पाण्यात माणूस पळत नाही, हे तेव्हा कळलं. पालथा पडून कोपरांवर सरपटत गेलो. सैन्यात मी या प्रकारात पहिला यायचो. माणसाच्या उंचीएवढा वर पोचलो, वरून टाळ्या पडल्या, आणि तसाच पोटावर सावकाश खाली आलो. दोर फेकला, तर तो ओला आणि जड, अर्ध्यावरूनच परत यायचा.

"अहो," काठावरून सुलभा ओरडली, "मी बाळासाहेबांना फोन लावते!"

तिनं स्पीकर चालू केला. बाळासाहेबांचा आवाज आला, मागे हॉर्नचा कल्लोळ. "ताई, मी द्वारका चौकात अडकलोय! पुढं ट्रक बंद पडलाय. अर्धा तास तरी जाईल. झाला का कार्यक्रम?"

"झालाय, पण संपत नाहीये!" सुलभा म्हणाली.

खरं तर इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण जो माणूस बावीस वर्षं हुकूम देत आलाय, त्याला कमरेएवढ्या पाण्यातही राहवत नाही. मी माणसांची साखळी करायचं ठरवलं. वरच्यांनी एकमेकांचे हात धरायचे, पहिल्यानं उतारावर आडवं होऊन माझा हात धरायचा. पहिला कोण? अर्थातच सगळ्यांत दणकट! आमचा तबलजी योहान. वजन शंभर किलोच्या आसपास. मी आज्ञा केली, "योहान, पुढे!"

"पास्टरजी, मी मागं राहिलो तर बरं नाही का होणार?" योहाननं विचारलं.

"हुकूम म्हणजे हुकूम!"

योहान पुढे झाला. त्याच्या मागे सत्तरीच्या दोन आजीबाई आणि एक शिंपीकाका. त्यांनी योहानला धरलं, निदान तसा प्रयत्न केला. मग त्यांनी शहाणपणा केला आणि हात सोडला. योहान आला तेव्हा तळ्यात लाट उठली. ती लाट समोरच्या काठावर आपटून परत आली आणि वसंतरावांचं गीतांचं पुस्तक घेऊन गेली.

"अहो!" सुलभा दोन्ही हात कमरेवर ठेवून गरजली. "आता खाली कोणालाही बोलवायचं नाही! तुमची आजची भरती बंद!"

प्रीती लाइव्हवरचे संदेश मोठ्यानं वाचून दाखवत होती. एरवी माझ्या उपदेशाला लाइव्हवर अकरा माणसं असतात, त्यात चार घरचीच. त्या दिवशी माझी अख्खी जुनी बॅटरी, म्हणजे तोफखान्यातली तुकडी, जमली होती. "पप्पा, कोणी तरी लिहिलंय, 'साब, लोकेशन भेजो, टीम लेके आता हूँ.' आणि नगरचे मामा विचारतायत, आजीला रविवारभर भिजत ठेवणार का?"

मी सासूबाईंकडे वळलो. खरं सांगतो, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. एकोणऐंशी वर्षांचं हृदय, दोनदा दांडी मारलेलं, आणि ते मी माझ्या हुशारीपायी एका खड्ड्यात आणून उभं केलं होतं. सुलभा वरून विनोद करत होती, पण तिचा आवाज मी ओळखतो. तो थोडा फाटला होता.

"आई, थंडी वाजतेय का? दम लागलाय का? योहानच्या खांद्यावर बसता का?"

"काही नको," त्या म्हणाल्या. "हवालदार, एक गोष्ट लक्षात आलीय का तुमच्या?"

"काय?"

"माझे गुडघे दुखत नाहीयेत. बारा वर्षांत पहिल्यांदा! पाण्यात वजनच लागत नाही. मला बाहेर यायची घाई नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि दुसरी गोष्ट. माझा बाप्तिस्मा झालेला नाही."

"अं?"

"तुम्ही शब्द म्हटलेच नाहीत. 'तु तु' करत होतात. त्याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत, अपघात म्हणतात."

आम्ही उभे होतो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. योहान आणि वसंतराव दुसऱ्या कोपऱ्यात गीतांच्या पुस्तकाची पानं सुटी करून कागदावर वाळत घालत होते. अठ्ठावीस वर्षांत मी आणि सासूबाई असे समोरासमोर, मध्ये सुलभा किंवा केक नसताना, कधी उभे राहिलो नव्हतो. मी विचारलं, "आई, माझं म्हणणं पटलं म्हणून आलात ना तुम्ही?"

"तुमचं?" त्यांनी चष्म्यावरचं पाणी पुसलं. "छे! यांच्यासाठी आले."

'हे' म्हणजे माझे सासरे. शांत माणूस, शाळेत क्लार्क होते. बाईंच्याच शाळेत.

"जायच्या आदल्या वर्षी ते म्हणाले होते, जावयाच्या हातून पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतो. मी अडवलं. म्हटलं, या वयात ओले कपडे घालून लोकांसमोर उभे राहणार? मुख्याध्यापिकेचा नवरा? ते हसले आणि राहू दे म्हणाले. पुन्हा विषय काढला नाही." त्या थोडा वेळ पाण्यावर हात फिरवत राहिल्या. "गेल्या वर्षी मी दवाखान्यात पडले होते तेव्हा वाटलं, आता वर भेट होणार. आणि भेटल्या भेटल्या ते पहिला प्रश्न विचारणार, 'काय मग, पाणी कसं होतं?' त्यांचा स्वभाव तसाच. म्हटलं, उत्तर तयार असावं."

मी चेहरा पुसला. (मी रडत नव्हतो. चेहऱ्यावर तळ्यातलं पाणी होतं. वसंतराव साक्ष देतील.)

"सासऱ्यांनी मला कधी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"मी सांगू नका म्हटलं होतं. तुम्ही लगेच टाकी भरली असती."

वर गलका चालला होता. कोणी गाडीचा टो-दोर शोधत होतं, कोणी साड्यांना गाठी मारायला सांगत होतं, सुलभा पुन्हा बाळासाहेबांना फोन लावत होती. आमच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मी योहानला आणि वसंतरावांना जवळ बोलावलं. शास्त्राप्रमाणे दोन साक्षीदार लागतात. आराखड्यात नसले तरी ते आयते पाण्यात हजर होते. योहानला मी माझ्यामागे उभं केलं. या खेपेला तोल जायची सोय नव्हती. मागे भिंत होती.

मी हात ठेवले. त्यांनी डोळे मिटले. आता मुख्याध्यापिका दिसत नव्हत्या. एक म्हातारी बाई दिसत होती, जिला कोणाला तरी जाऊन पाण्याबद्दल सांगायचं होतं.

"मार्था," मी म्हणालो, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो."

खाली घेतलं, वर आणलं. अंबाडासुद्धा पूर्ण भिजला. वसंतरावांनी सवयीनं दोन्ही हात वर केले, पण आता त्यांच्या हातातून सुटण्यासारखं काही उरलं नव्हतं. योहान हळू आवाजात "हालेलुया" म्हणाला.

सासूबाईंनी डोळे उघडले. नाकातलं पाणी काढलं. म्हणाल्या, "कोमट. कोमट होतं म्हणून सांगेन." आणि मग, "छान म्हटलंत, सुभेदार."

मी दुरुस्ती केली नाही की नायब सुभेदार. एकदम दोन पायऱ्या मिळत असतील तर माणसानं गप्प बसावं.

एवढ्यात काठावर एक डोकं दिसलं. डोक्याला रुमाल, हातात खुरपं. बाळासाहेबांच्या पत्नी, मंदाताई. त्यांनी खाली बघितलं. एक पाळक, एक आजी, एक डीकन, एक तबलजी.

"अगं बाई! हे काय, अजून खालीच?"

सुलभानं घाईघाईनं सगळं सांगितलं. दोर, हालेलुया, साखळी, द्वारका, ट्रक.

"मंग मला हाक मारायची ना!" मंदाताई म्हणाल्या. "मी त्या गुलाबात खुरपत व्हते की. हे काय, हाकेच्या अंतरावर."

अठरा माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग सगळी माझ्याकडे. मी पाण्याकडे बघायला लागलो.

मंदाताईंनी पुढे एक शब्द बोलण्यात घालवला नाही. गुलाबाच्या शेडवरची हिरवी जाळी, तिची मोठी गुंडाळी पडली होती. ती त्यांनी लोळवत आणली, एक टोक कडुलिंबाला बांधलं (कडुलिंबाला!), वरून दोन गाठी जास्तीच्या मारल्या आणि जाळी उतारावर सोडून दिली. ती उलगडत खाली पाण्यापर्यंत आली.

"जाळीत पायाची बोटं रुतवा आन् या वर. आजी, तुम्ही आधी. सावकाश."

सासूबाई चार-पाच मिनिटांत वर पोचल्या, थांबत थांबत, मागून योहानचा आधार. वर गेल्यावर सुलभानं त्यांना मिठीच मारली आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू मोकळं केलं. मग वसंतराव गेले. सगळ्यांत शेवटी मी. अधिकारी शेवटी बाहेर पडतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण, मला पायात गोळा आला होता.

"साहेब, तोफ असती तर लय अवघड गेलं असतं बगा," मंदाताईंनी माझा हात धरून ओढता ओढता म्हटलं. म्हणजे बाळासाहेबांनी घरी जाऊन सगळं सांगितलं होतं.

बाळासाहेब पोचले तेव्हा आम्ही त्यांच्या ओसरीवर टॉवेल गुंडाळून चहा पीत होतो. सासूबाई मंदाताईंना विचारत होत्या, की गुडघ्यांसाठी आठवड्यातून एकदा तळ्यात उतरायला आलं तर चालेल का. मंदाताई म्हणाल्या, कधीबी या, फक्त येताना मला हाक मारा.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर चार जणांनी बाप्तिस्म्यासाठी अर्ज दिले. एकदम चार! पंधरा वर्षांच्या सेवेत असं कधी घडलं नव्हतं. मला भरून आलं. वाटलं, पाण्यात उभ्या असलेल्या पाळकाची श्रद्धा लोकांनी लाइव्ह बघितली, ती कुठं तरी भिडली असणार. घरी येऊन चष्मा लावून चारही अर्ज वाचले. चौघांचंही अक्षर वेगळं, कारणं वेगळी, पण खाली अट एकच होती: 'पाळक कोणीही चालतील. काठावर मंदाताई हव्यात.'

मी चारही अर्ज मंजूर केले. त्यांच्या जागी मी असतो तर अटीतलं दुसरं वाक्य मी अधोरेखितही केलं असतं.